तळटीप : हिंगणघाटच्या आकाशातली रेघ

* मूळ मजकुरात ‘उल्का’ हा शब्द आहे. लेखकाचा शब्द म्हणून तो तसाच ठेवला आहे. मात्र २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडच्या लोकांनी पाहिलेली ती जळती रेघ उल्का नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा, असे कक्षांच्या नोंदी ताडून सांगितले गेले. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे सापडले.

उल्का आणि अग्निबाणाचा तुकडा यांतला फरक ओळखायचा तो वेगावरून. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला ८ किलोमीटरच्या आतबाहेर वेगाने, तिरपी, रेंगाळत उतरते. सूर्याभोवती फिरणारा दगड ११ किलोमीटरहून कमी वेगाने येतच नाही. दूरदूरच्या दोन-तीन कॅमेऱ्यांनी मागच्या ताऱ्यांसह तो टिपला, तर प्रत्येक चित्रातून एक प्रतल मिळते आणि प्रतले छेदतात तिथे मार्ग. वेगातून पृथ्वीची ओढ आणि तिचे स्वतःभोवतीचे फिरणे वजा केले आणि तिचा सूर्याभोवतीचा वेग मिळवला की दगडाची सूर्याभोवतीची मूळ कक्षा हाती येते. चेकोस्लोव्हाकियातल्या प्रिब्रामला ७ एप्रिल १९५९ रोजी पडलेल्या अशनीची, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या अशा दगडाची, कक्षा झ्डेनेक चेप्लेखा यांनी छायाचित्रांवरून अशीच काढली. ती मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात पोचत होती.

खरी अशनी हवी असेल, तर आपल्या विदर्भातच, काटोलला, २२ मे २०१२ च्या भर दुपारी पडलेली आहे.

— संपादक