कलम ३२ : एक देणारं, एक घेणारं

निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात जमिनीची गोष्ट निघाली आणि कोणी ‘बत्तीस’ म्हणालं, तर आधी विचारायचं, कुठलं बत्तीस? कारण दोन आहेत.

पहिलं १९४८ च्या कूळ कायद्यातलं. १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिनी, कलम ३२ प्रमाणे कसणारं कूळ जमिनीचा मालक मानलं गेलं. फुकट नाही हं! साध्या कुळाला आकाराच्या २० ते २०० पट किंमत, तीही हप्त्यांनी. ‘३२ ग’ची चौकशी, मग ‘३२ म’चं प्रमाणपत्र. चौकशीला कूळ हजरच राहिलं नाही, किंवा मालकाच्या दबावाखाली ‘मला नको’ म्हणालं, की खरेदी निष्प्रभ. देवस्थानांच्या जमिनींना ‘८८ ब’ची सूट होती, ती वेगळीच.

आता दुसरं बत्तीस. १९६१ चा औद्योगिक विकास अधिनियम. त्याखाली १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. त्यातलंही कलम ३२ च, पण ते सक्तीनं जमीन घेण्याचं! योगायोगच, पण बोलका. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतीच. आता भोसरी-चिंचवड, आणि पुढे चाकण.

माझ्या मते खरी मेख कूळ कायद्याच्या कलम ४३ मध्ये आहे. कुळाला मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. हेतू चांगला होता, सावकारानं किंवा जुन्या मालकानं ती परत गिळू नये. पण ही भिंत खासगी गिऱ्हाइकापुरतीच होती. सरकार स्वतः घ्यायला आलं, तेव्हा ती आडवी आली नाही. महसूल खात्यानं जे दिलं, ते उद्योग खात्याच्या कामासाठी काढून घेता आलं.

आणि पैसे कोणाला? सातबारा बघा. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर. नांगर तिघांचा, खुरपणी जावाजावांची, नाव एकाचं. जमीन कसली जात होती तोवर हे चालून गेलं. पीक घरातच यायचं. मोबदल्याची नोटीस मात्र नावावर येते. धाकट्या भावांना, लग्न होऊन गेलेल्या बहिणींना मग आपला हिस्सा कागदानं सिद्ध करत बसावं लागतं, आणि तोवर जमिनीवर शेड उभी राहिलेली असते.