वाघाच्या ताटातील कोंबडी : पिंजऱ्यातील वैद्यक गोठ्यात कसे जन्मले

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या काही दिवसांच्या अंतराने दगावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. जानेवारी २०२५ उजाडताच अहवाल आला : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. राज्यभरातील प्राणिसंग्रहालयांना सतर्कतेचे आदेश निघाले आणि संशयाची सुई या प्राण्यांना दिल्या जाणाऱ्या कोंबडीच्या मांसाकडे वळली.

दगावलेले वाघ चंद्रपूर भागातून आणलेले होते. तेथे माणसांशी त्यांचा संघर्ष झाला म्हणून ते जेरबंद झाले. उद्देश असा की माणसेही वाचावीत आणि वाघही. पण जंगलातील वाघाच्या वाट्याला सहसा न येणारी गोष्ट, माणसाने पाळलेली कोंबडी, येथे रोज त्याच्यापुढे येत असे.

हाच विषाणू भारतात प्रथम सापडला तो महाराष्ट्रातच, २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या रांगांत, अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी वसले आहे. मोलगीत प्राणिसंग्रहालय नाही. जवळचे म्हणावे असे मोठे प्राणिसंग्रहालय राज्याच्या सीमेपलीकडे केवडियाला आहे. तरीही पिंजऱ्यातील प्राण्यांच्या आरोग्याचा इतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात अशाच गावांच्या अंगणांतून आणि गोठ्यांतून करावी लागते. तो इतिहास मांडणारा हा धागा.

महाराष्ट्राला वन्य प्राणी पाळण्याची परंपरा नवी नाही. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. १७९० मध्ये गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने तेथील गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. १९५३ मध्ये त्याच परिसरात उभ्या राहिलेल्या उद्यानाला पेशवे पार्क हे नाव मिळाले, ते या स्मृतीला धरूनच.

त्या काळी घोड्यासाठी शालिहोत्राची आणि हत्तीसाठी पालकाप्याच्या हस्त्यायुर्वेदाची परंपरा होती. घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत, तो शब्दही शालिहोत्रावरूनच आला. वाघासारख्या श्वापदासाठी अशी ग्रंथपरंपरा उभी राहिली नाही. कारण उघड आहे. घोडा आणि हत्ती यांच्यावर राज्य चालत असे, वाघ हा दरबाराच्या शोभेचा विषय होता. ज्या प्राण्यावर सत्ता उभी असते त्याच्याच दुखण्याचे शास्त्र आधी होते, हा नियम ब्रिटिश काळातही मोडला नाही. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा सुरू झाली ती घोडदळासाठी. १८७१ चा गुरांच्या साथींचा आयोग नेमला गेला तो बैलांच्या मृत्यूने शेती, वाहतूक आणि महसूल हादरला म्हणून.

मुंबईत मात्र आणखी एक प्रवाह मिसळला, जीवदयेचा. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. त्याच्या दोनच वर्षे आधी कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहरात मोठा दंगा उसळला होता. पुढे पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली होती. प्राण्यांसाठी तिचा विस्तार १८९० च्या सुमारास झाला. परळ आणि भायखळा ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. हा माणूस मराठी वाचकांना जवळजवळ अपरिचित आहे आणि तसे असू नये. महाविद्यालय सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १८८५ मध्ये, त्यांचे हत्तींच्या रोगांवरील इंग्रजी पुस्तक मद्रासहून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ब्रह्मदेशात लष्करी खेचरे एका तापाने मरत होती. स्टील तेथे गेले आणि खेचरांच्या रक्तात त्यांना वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले.

असेच जीव पाच वर्षांपूर्वी डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स यांनी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिले होते. आजाराचे स्थानिक नाव ‘सर्रा’. ते सडण्याच्या अर्थाच्या शब्दावरून आले असे मानतात. झिजत, खंगत जाणाऱ्या जनावराकडे पाहून ते सुचले असावे. इव्हान्स यांनी आजारी जनावराचे रक्त निरोगी जनावरांत टोचून आजार पुन्हा निर्माण करून दाखवला. वरिष्ठांनी तरीही मान्य केले नाही. रक्तातील जीव रोगाचे कारण असूच शकत नाहीत, असा त्या काळच्या अनेक तज्ज्ञांचा आग्रह होता. स्टील यांनी त्या परजीवीला इव्हान्स यांचेच नाव दिले. त्याचे कूळ ओळखण्यात ते चुकले, पण नाव टिकले. आज शास्त्र त्याला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय म्हणते. स्टील १८९१ मध्ये, अवघ्या पस्तिशीत वारले.

दरम्यान १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली होती. आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्ऱ्यावर विस्तृत अहवाल लिहिले. १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलली. घातक जंतूंवर काम करायचे तर दाट वस्तीपासून दूर जावे, हा त्यामागचा विचार होता. १९०१ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी हा परजीवी घोडमाशीच्या चाव्यातून पसरतो हे प्रयोगाने दाखवले.

येथवर ही कथा घोडे, खेचरे आणि उंट यांची आहे. वाघ तिच्यात कोठून येतो, याचे उत्तर या परजीवीच्या स्वभावात आहे. गाई-म्हशींच्या रक्तात तो महिनोन्महिने राहू शकतो आणि जनावर वरकरणी धडधाकट दिसते. घोडमाशी एका जनावराचे रक्त अर्धवट पिऊन दुसऱ्यावर बसते, आणि तिला कुंपण अडवत नाही. दुसरा मार्ग ताज्या मांसाचा. भारतातील बहुतेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना म्हशीचे मांस देण्याची रीत आहे. म्हैस ज्याने आजारी पडलेली दिसत नाही, तोच परजीवी वाघाला काही दिवसांत संपवू शकतो.

जुलै २००० च्या आरंभी ओडिशातील नंदनकानन येथे हेच घडले. काही दिवसांत डझनभर वाघ मेले, त्यांत पांढरे वाघ बरेच होते. निदान झाले : ट्रिपॅनोसोमा. औषध दिले गेले, पण ते योग्य वेळी आणि योग्य मात्रेत दिले का, यावर देशभर वाद पेटला. येथे पशुवैद्याची कोंडी समजून घेतली पाहिजे. गाय सुस्त झाली की गुराख्याला संध्याकाळी कळते. वाघ आजार लपवतो. दुबळे दिसणे जंगलात परवडत नाही आणि ही सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रक्त तपासायचे तर आधी भूल द्यावी लागते आणि आजारी वाघाला भूल देणे हाच एक धोका. त्यामुळे प्राणिसंग्रहालयाच्या मुख्य वैद्याचे खरे काम भुलीच्या बंदुकीपेक्षा खाटकाच्या सुऱ्याशी अधिक निगडित आहे. मांस कोठून आले, जनावर कापण्यापूर्वी कोणी तपासले, कुंपणालगत कोणाची गुरे चरतात, पाणी कोठे साचते, हे प्रश्न त्याने रोज विचारायचे असतात. वर्तमानपत्रांत मात्र तो दिसतो ते पिल्लू जन्मल्यावर किंवा प्राणी मेल्यावरच.

सर्ऱ्याने २००४ मध्ये महाराष्ट्रात आणखी एक धक्का दिला. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. माणसाला या परजीवीची बाधा होत नाही अशी तोवर समजूत होती. तपासाअंती कळले की माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते आणि या रुग्णात जनुकीय कारणाने नेमके तेच नव्हते. उपचारांनी तो बरा झाला. त्याच्या गावातील १,८०६ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. दुसरा रुग्ण सापडला नाही. खेचर, वाघ आणि शेतकरी यांना जोडणारी ही साखळी स्टील यांना दिसली असती तर त्यांना कदाचित आश्चर्य वाटले नसते.

आता पुन्हा कोंबडीकडे.

वाघ-बिबट्यांना बर्ड फ्लू होतो, हे गोरेवाड्याच्या घटनेआधी २० वर्षांपासून ठाऊक होते. २००३ च्या अखेरीस थायलंडमधील सुफनबुरी येथील प्राणिसंग्रहालयात दोन वाघ आणि दोन बिबटे कोंबडीचे कच्चे मांस खाऊन मेले. पुढच्याच वर्षी त्याच देशातील सिराचा येथील व्याघ्रसंग्रहालयात ४४१ पैकी १४७ वाघ एकतर मेले किंवा मारावे लागले. तेथेही कारण कोंबडीचेच मांस.

नवापूरचा प्रसंग त्यानंतरचा. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पहिला एच५एन१ उद्रेक तेथे जाहीर झाला. नवापूर हे सुरत–धुळे महामार्गावरील कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र. त्याचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, यावरून तेथील व्यापाराची दिशा कळावी. कोंबड्या त्याआधीच मरू लागल्या होत्या, पण तो नेहमीचा ‘राणीखेत’ असावा असे अनेकांनी गृहीत धरले. गृहीतक अगदीच निराधार नव्हते; दोन्ही रोगांत कोंबड्या तितक्याच झपाट्याने मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणे अवघड. अहवाल आल्यावर सरकारी पथके उतरली आणि लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. त्यांत मोठ्या शेडमधील कोंबड्या होत्या तशा आदिवासी अंगणांतील चार-दोन कोंबड्याही होत्या. २०२१ मध्ये नवापुरात हा रोग पुन्हा आला.

शेडमधील कोंबडीचा हिशेब नुकसानभरपाईत बसतो. अंगणातील कोंबडीचा बसत नाही. मोलगीच्या परिसरातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांत कोंबडी ही पाहुणचाराची, देवकार्याची आणि अडीनडीच्या पैशाची गोष्ट आहे. मृत कोंबडीची खबर देणे म्हणजे उरलेल्याही गमावणे, असे ज्याला वाटते तो खबर देण्याआधी दहादा विचार करतो. हा अडाणीपणा मानणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. तो साधा हिशेब आहे, आणि रोगनियंत्रणाच्या योजनेत त्या हिशेबाला जागा नसेल तर ती योजना कागदावरच राहते.

सातपुड्यात वाघदेवाची पूजा होते. गुरांना त्याने हात लावू नये, अशी त्याला विनवणी असते. वाघ आता तेथे क्वचितच. बिबट्या आहे आणि तो शेळी, कुत्रा, कोंबडी काहीही उचलतो. पूजेत ज्या धोक्याचा विचार आहे तो एकाच दिशेचा, वाघाकडून गुरांकडे येणारा. उलट दिशेने, गोठ्याकडून आणि खुराड्याकडून श्वापदाकडे जाणारा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला, आणि सूक्ष्मदर्शकात दिसल्यावरही इव्हान्स यांना कोणी मानले नाही.

१९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यापासून पशुवैद्य, रुग्णालय, नव्या प्राण्याचे विलगीकरण आणि मृत प्राण्याचे शवविच्छेदन यांचे नियम आहेत. पण हे सारे नियम कुंपणाच्या आतले. कोंबडी बाहेरून येते.

गोरेवाड्यात अहवाल हाती आल्यावर केंद्रातील इतर वाघ-बिबट्यांची तपासणी झाली आणि ते निरोगी आढळले. मे २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघीण मेली. भोपाळचा अहवाल तोच होता : एच५एन१.