पट्टीचा रंगारी

शनिवारी सकाळी बायकोला म्हटलं, "दहा मिनिटांत आलोच." काम काय, तर अ‍ॅपच्या वरच्या पट्टीला क्लायंटचा नवा भगवा रंग द्यायचा. ही पट्टी म्हणजे नॅव्हिगेशन बार. मधोमध पानाचं नाव, डावीकडे मागे जायचं बटण. दुपारचे दोन वाजले तरी मी तिथेच! मग कोडमध्ये खाली खाली जात राहिलो, आणि एकेका थरात एकेक जुना शनिवार सापडत गेला.

तळाशी होतं २००८. त्या जुलैत अ‍ॅप स्टोअर उघडलं, आणि आयफोनची ती राखाडी-निळी चकचकीत पट्टी बाहेरच्या प्रोग्रामरांच्या हाती आली. रंगासाठी एकच प्रॉपर्टी, टिंटकलर. तुम्ही लाल द्या, चकाकी फोन आपणहून चढवणार. पण क्लायंट मंडळींना हवं होतं लाकूड नाहीतर चामडं, आणि पट्टीवर चित्र लावायची अधिकृत सोयच नव्हती. मग आम्ही मागच्या दाराने शिरलो. अ‍ॅपलच्याच क्लासवर कॅटेगरी लिहायची आणि त्यातलं ड्रॉरेक्ट आपलं घुसडायचं. बिनधास्त चालायचं.

ऑक्टोबर २०११ मध्ये आयओएस ५ आलं. पट्टीला चित्र लावायची रीतसर सोय मिळाली, आणि त्याच वेळी मागचं दार बंद झालं. नव्या एसडीकेने बिल्ड केलं की कॅटेगरीतलं ड्रॉरेक्ट कोणी बोलवेचना. मी ते न तपासताच अ‍ॅप पाठवून दिलं. क्लायंटचा फोन: "अहो, आमचं लाकूड कुठे गेलं?" चूक माझीच होती. दुसऱ्याच्या घरात खिडकीतून शिरायचं आणि गज बसवले म्हणून ओरडायचं, याला काही अर्थ नाही.

आयओएस ७ बद्दल मात्र माझा राग अजून गेलेला नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात स्कॉट फॉरस्टॉल जाणार हे जाहीर झालं, इंटरफेसची सूत्रं जॉनी आइव्हकडे आली, आणि २०१३ मध्ये चामडं, चकाकी सगळं साफ. तेही ठीक. पण टिंटकलर हे नाव तसंच ठेवून त्याचा अर्थ बदलला! आधी तो पट्टीचा रंग होता, आता बटणांचा झाला. कोड कंपाइल होतोय, एरर नाही, क्रॅश नाही. फक्त लाल पट्टी पांढरट झालीय आणि तिच्यावरची बटणं लाल. पट्टीसाठी नवं नाव आलं, बारटिंटकलर. ते दिलं तरी पट्टी मुळात अर्धपारदर्शक, त्यामुळे रंग धुतल्यासारखा फिका. पारदर्शकपणा काढावा, तर खालचं सगळं पान ६४ पॉइंट खाली सरकायचं. काढून टाकलेली प्रॉपर्टी निदान ओरडते तरी. अर्थ बदललेली गप्प बसून फसवते.

पुढचं भराभर सांगतो. २०१९, आयओएस १३: रंगासाठी वेगळं अपिअरन्स ऑब्जेक्ट, पट्टीच्या प्रत्येक अवस्थेसाठी निराळं. २०२१, आयओएस १५: पान सगळ्यात वर असतानाचं अपिअरन्स दिलं नाही तर पट्टी पारदर्शक. म्हणजे स्क्रोल करा, रंग हजर. वर या, गायब. पुन्हा एक शनिवार.

आणि २०२५ चं आयओएस २६. आता सगळं लिक्विड ग्लास. बटणं काचेच्या थेंबांसारखी तरंगतात, आणि अ‍ॅपलचा सल्ला असा की पट्टीमागचे रंग काढूनच टाका. जुनं रूप ठेवायला एक की दिलीय, पण तीही तात्पुरती. क्लायंटला त्याचा भगवा हवा, अ‍ॅपलला काच. इतकी वर्षं मी क्लायंटच्या बाजूने भांडलो. या वेळी दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून पाहिले, तर भगव्या पट्टीवर ते काचेचे थेंब खरंच चिकटवल्यासारखे दिसत होते.

क्लायंटला फोन केला. थोडी कुरकुर करून तो म्हणाला, "बरं, पण रंग कुठेतरी दिसू दे हो." मग पट्टीमागचा रंग काढला, सगळे थर पुसले आणि भगवा फक्त बटणांना दिला. एका ओळीत झालं. प्रॉपर्टी तीच, २००८ ची. टिंटकलर.