सनद खरी, पण हक्क कोणाचा?

१/ मोबाइलच्या पडद्यावर एक जाहिरात झळकते: कंपनीच्या अधिकृत दुकानात हजारो रुपयांना मिळणाऱ्या विंडोजची 'अस्सल, कायमस्वरूपी' की अवघ्या काही शे रुपयांत! बीडमधील एखादा संगणक केंद्रचालक विचारात पडतो. प्रश्न नवा भासतो; परंतु खरा कागद कोणता आणि खरा हक्क कोणता, हा पेच या मुलखाला फार जुना आहे.

२/ पंचवीस अक्षरांची ती की म्हणजे परवान्याची केवळ खूण. २ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सॉफ्टवेअर घेणाऱ्या ग्राहकाला त्याचा कॉपीराइट मिळत नाही. मिळते ती वापराची मर्यादित मुभा. इतिहासाच्या भाषेत हिला सनद म्हणता येईल: देणारा एक, घेणारा ठरलेला, उपभोगाच्या अटी नेमलेल्या.

३/ जुन्या सनदेवर शिक्का असे, अखेरीस मोर्तब असे. पण शिक्काही बनावट कोरता येतो. म्हणून खरी कसोटी कागदाबाहेर, दफ्तरात होती. 'रुजू', 'बार' हे शेरे तपासणीची व नोंदीची साक्ष देत. गावी तालीक, म्हणजे नक्कल, ठेवून अस्सल पत्र धारकास परत द्यावे, अशी आज्ञा अनेक इनामपत्रांतच आढळते.

४/ मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. इनामदारांचे कागद पुण्यातील पेशवे दफ्तराशी ताडून पाहिले गेले. ही चौकशी कठोर होती आणि तिच्याविषयी दख्खनमध्ये मोठा असंतोष पसरला. मात्र तिने एक गोष्ट ठसवली: घरातला कागद कितीही जुना असो, देणाऱ्याच्या दफ्तरात आधार नसेल तर तो दुबळा ठरतो.

५/ बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथे इनामांची तपासणी 'अतियात' चौकशीतून होई. चौकशीअंती निघणाऱ्या 'मुंतखब' या दस्तऐवजात इनाम कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर, हे नोंदले जाई. विलीनीकरणानंतरही १९५२ चा हैदराबाद अतियात चौकशी कायदा याच कामासाठी झाला.

६/ यातच खरी मेख आहे. देवस्थान, मशीद वा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन म्हणजे 'खिदमतमाश'. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यातून धार्मिक संस्थांची इनामे वगळली गेली. म्हणून मराठवाड्यातील सातबाऱ्यांवर हा शब्द अजूनही दिसतो. सेवेकऱ्याची सनद शंभर टक्के खरी असते, पण जमीन विकण्याचा हक्क तीत नसतो. ती विकत घेणाऱ्याच्या हाती खरेदीखत येते, मालकी येत नाही.

७/ स्वस्त कीचेही असेच आहे. काही की निव्वळ चोरीच्या असतात. पण पुष्कळ की कंपनीनेच दिलेल्या, म्हणजे 'खऱ्या' असतात. फरक अटींत असतो. संगणकासोबत आलेला परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. व्हॉल्यूम परवाना एका संस्थेला तिच्या वापरासाठी मिळतो. त्यातील एकेक की सुटी विकण्याचा अधिकार तिला नसतो. अशी की टाकताच विंडोज 'सक्रिय' होते आणि ग्राहक निश्चिंत होतो. परंतु सक्रिय होणे म्हणजे शिक्का जुळणे. हक्क सिद्ध होणे नव्हे. गैरवापर लक्षात आला, की कंपनी ती की बंद करू शकते.

८/ स्वस्त ते सारे खोटे, असेही नाही. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने 'यूज्डसॉफ्ट' खटल्यात वापरलेल्या परवान्याच्या पुनर्विक्रीला मान्यता दिली. मात्र पहिल्या धारकाने आपली प्रत निकामी केली पाहिजे, आणि अनेकांसाठीचा परवाना तुकडे करून विकता येणार नाही, असे बजावले. तो निकाल युरोपीय संघापुरता आहे. बीडच्या ग्राहकाने त्यावर विसंबू नये.

९/ म्हणून जुन्या दफ्तरदाराचेच प्रश्न विचारावेत. मूळ परवाना कोणाला दिला होता? तो हस्तांतरित होतो काय? विक्रेत्याचे नाव कंपनीच्या अधिकृत यादीत आहे काय? जीएसटी क्रमांकाचे बिल मिळते काय, आणि त्यावर परवान्याचा प्रकार लिहिलेला आहे काय? उत्तरे टाळली गेली, तर किमतीचे कारण उघड होते.

१०/ खिदमतमाश जमीन विकणारा पैसे घेऊन निघून जात असे आणि कोर्टाच्या पायऱ्या घेणाऱ्याच्या वाट्याला येत. ऑनलाइन विक्रेताही नाव बदलून पुन्हा दुकान मांडतो. संगणक अडतो तो केंद्रचालकाचा, तोही अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी. कागद पाहावा, पण त्याआधी देणाऱ्याचा अधिकार पाहावा, हा धडा बीडच्या मातीने पूर्वीच दिला आहे.