मोहाची दारू (यवतमाळ जिल्हा)

मोहाची दारू : मोहाची वाळलेली फुले पाण्यात आंबवून आणि ऊर्ध्वपातनाने गाळून केलेले मद्य. मध्य भारताच्या पानझडी जंगलांत ते सर्वत्र आढळते. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव आणि झरी-जामणी हा त्याचा मुख्य मुलूख. येथे गोंड, कोलाम, परधान या समाजांची वस्ती आहे, आणि सागाच्या जंगलात मोह, तेंदू, चारोळी ही झाडे मिसळून वाढतात. साखर कारखान्याच्या मळीपासून तयार होणारी ‘देशी’ आणि गूळ-नवसागराची हातभट्टी यांहून हे मद्य पूर्णतः वेगळे आहे. तरीही पोलिसांच्या पंचनाम्यात आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत तिन्ही एकाच ‘गावठी’ या शब्दाखाली जातात. त्यामुळे मोहाची स्वतःची ओळख पुसट झाली आहे.

मोह म्हणजे मधुका लाँगिफोलिया हा मोठा, दीर्घायुषी वृक्ष. मार्च-एप्रिलमध्ये त्याची पाने गळालेली असतात, तेव्हा फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस येतात. फूल रात्री उमलते. वटवाघळे त्यावर येतात आणि परागीभवन घडवतात. पहाटेपर्यंत मांसल, फिकट पिवळसर पाकळ्यांचा सडा जमिनीवर पडतो. ऊन चढले की फूल मऊ पडते, माती धरते, म्हणून वेचणी उजाडण्याआधीच सुरू होते. या कामात बायका आणि मुले पुढे असतात. कोणत्या झाडाखाली कोणत्या घराने वेचायचे हे अनेक गावांत रूढीने ठरलेले असते, आणि झाड वनखात्याच्या हद्दीत असले तरी ती वहिवाट पाळली जाते. फूल नीट दिसावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यातल्या वणव्यांचे ते एक खरे कारण आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी पसरली तर आगीची गरज उरत नाही, फूलही स्वच्छ मिळते.

ताज्या फुलात पाणीच फार. उन्हात काही दिवस वाळवले की ते मनुक्यासारखे तपकिरी आणि चिवट होते. मग त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. हे वाळलेले फूल वर्षभर टिकते. टंचाईच्या काळात ते शिजवून किंवा भाकरीच्या पिठात मिसळून खाल्ले जाई. आज बचत गट त्याचे लाडू करतात. फळाच्या बियांचे तेल निघते, पेंड उरते. दारू हा मोहाच्या अनेक उपयोगांपैकी एक आहे. झाडाची सगळी किंमत तिच्यावरून ठरवणे हा अन्याय आहे, आणि तो सरकारी कायद्याने दीर्घकाळ केला.

गाळण्याची रीत साधी, पण हात सांभाळून करायची. वाळलेली फुले मडक्यात किंवा पिंपात पाण्यात भिजत घालतात. या आंबवणीला सडवा म्हणतात. फुलांवरच्या आणि भांड्यातल्या नैसर्गिक किण्वामुळे साखरेचा मद्यार्क होतो. उन्हाळ्यात हे लवकर होते, थंडीत जास्त दिवस लागतात. बुडबुडे थांबले, गोडी गेली आणि आंबूस वास आला की सडवा भट्टीवर चढतो. वाफ वरच्या भांड्यातल्या गार पाण्याने थंड होऊन थेंबथेंब उतरते, म्हणून ते पाणी पुन्हा पुन्हा बदलावे लागते. आच मंद हवी. जाळ मोठा झाला तर फुलांचा चोथा तळाशी लागतो आणि करपट चव थेट धारेत येते. सुरुवातीला उतरते ती सर्वांत कडक, पहिल्या धारेची. नंतरची धार सौम्य होत जाते. थोडी दारू जाळावर शिंपडून ती कशी पेटते यावरून जोर पाहतात. शास्त्रशुद्ध गाळणीत अगदी पहिला, फार उडून जाणारा भाग वेगळा काढून टाकतात. गावातल्या भट्टीवर तो काढला जाईलच याची हमी नसते.

चांगल्या मोहाच्या दारूला पक्व फळाचा आणि फुलाचा गोड, जड वास असतो. चवीत मातीचा, धुराचा अंश येतो आणि किंचित तेलकट स्पर्श जिभेवर राहतो. फूल ओलसर साठवले तर बुरशीचा वास धारेत उतरतो. नवसागर पडला की फुलाचा सुगंध मरतो आणि उरतो तो घशाला लागणारा जाळ. झाड, वाळवण, पाणी, सरपण आणि भट्टीचा हात बदलला की चव बदलते. ब्रिटनमध्ये वेदरस्पूनसारखी पबची साखळी आपल्या बिअर महोत्सवात दूरच्या लहान ब्रुअरींच्या एल पाहुण्या म्हणून मांडते आणि एक-तृतीयांश पाइंटच्या तीन ग्लासांत चाखायला देते, म्हणजे न झिंगता फरक कळावा. पुण्यात 2009 साली डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून अशा ठिकाणी छोट्या ग्लासांची रांग मागवून चव तोलणे शहरी मराठी माणसालाही ओळखीचे झाले. इतक्या बारकाईला यवतमाळचा मोह पूर्णपणे पात्र आहे. त्याच्या वाट्याला ती कधी आली नाही, कारण उघड्यावर त्याची पारख करणेच गुन्ह्याच्या कक्षेत होते.

गोंड समाजात देवपूजा, जन्म, लग्न आणि मृत्यू या प्रसंगी मोहाला स्थान आहे. पिण्याआधी थोडी दारू जमिनीवर देवाला आणि पूर्वजांना वाहतात. या वापराला मोजमाप होते, काळवेळ होती. रोजच्या विक्रीची भट्टी ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, आणि जिल्ह्यातले दारूचे दुःख मुख्यतः या दुसऱ्या व्यवहारातून येते.

ब्रिटिश अमलात मद्य हे महसुलाचे मोठे साधन झाले. घरगुती गाळणीच्या जागी ठेकेदार आणि परवान्याची दुकाने आली. मुंबई इलाख्यात तर 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहफूल बाळगण्यावरच बंधने आली. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, म्हणजे आजच्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने, मोहफुलांवरचे नियंत्रण चालू ठेवले. स्वतः वेचलेले फूल बाजारात नेताना आदिवासी कुटुंबाला भीती वाटावी आणि व्यापाऱ्याने तिचा फायदा घेऊन भाव पाडावा, हा या नियमांचा प्रत्यक्ष परिणाम. 2021 साली राज्य सरकारने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला. विनापरवाना गाळणे मात्र अजूनही गुन्हाच आहे.

यवतमाळच्या शेजारी वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 ते 2021 या काळात होती. गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. यवतमाळ जिल्हाही दारूमुक्त करावा यासाठी ‘स्वामिनी’ या नावाने महिलांचे आंदोलन उभे राहिले. कापसाच्या कर्जात बुडालेल्या घरात मजुरीचा पैसा दारूत जातो तेव्हा मार बाईलाच बसतो, हे या चळवळीचे म्हणणे कोणत्याही चवीच्या गौरवापेक्षा वजनदार आहे. परवान्याच्या दुकानाबाबत राज्यात मतदानाची सोय आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ या चिन्हाला मत दिले की दुकान बंद होते. विनापरवाना भट्टीला मात्र हे मतदान लागू होत नाही.

फूल वेचण्याचा हक्क आणि दारूबंदी या दोन्ही बाजूंना जोडणारा धागा 1996 च्या पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्यात, आहे. यवतमाळच्या अनुसूचित क्षेत्रातील गावांना हा कायदा लागू आहे. गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला मिळते आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकारही तिला मिळतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क मान्य केला. फूल कोणाचे आणि त्याचे काय करायचे, हे दोन्ही प्रश्न एकाच सभेत, जिथे वेचणाऱ्या बायका बसतात तिथे, सुटायला हवेत.

इतर राज्यांनी वेगळी वाट धरली आहे. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये तिला राज्याचे वारसापेय ठरवले गेले. मध्य प्रदेशाने आदिवासी बचत गटांनी गाळलेला मोह ‘वारसा मद्य’ म्हणून विक्रीस आणला. अलिराजपूर आणि दिंडोरी हे जिल्हे त्यात पहिले. महाराष्ट्रात डहाणूच्या एका डिस्टिलरीत मोहाचे मद्य परवान्याखाली तयार होऊन बाटलीबंद होते आणि ते शहरांतल्या श्रीमंत ग्राहकासाठी असते. यवतमाळमध्ये मात्र वेचलेल्या मोहाचा बराच भाग वाळवून व्यापाऱ्याला विकला जातो.