कडुनिंबाचा पाला आणि खरूज

कडुनिंब (अ‍ॅझाडिरॅक्टा इंडिका; कुल मेलिएसी) या वृक्षाच्या पानांचा काढा, वाटण किंवा अर्क त्वचेच्या तक्रारींवर वापरण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. कांजिण्यांच्या खपल्या धरल्या की पाला उकळलेल्या पाण्याने आंघोळ घालतात. देवीची साथ येई तेव्हा दाराला डहाळ्या बांधत. गुढीपाडव्याला कोवळा पाला गूळ-ओव्यासह खातात. देशावर ही झाडे भरपूर आहेत, कोकणच्या पावसात त्या मानाने विरळ. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत मात्र या पाल्याचा विचार खरजेला धरून करायला हवा.

भिवंडी हे देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. मागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात आणि उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहतात. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा येऊन निजतो. खरजेला याहून सोयीची जागा नाही.

खरूज सार्कोप्टिस स्केबिई या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या किड्यामुळे होते. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ कोरून अंडी घालते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, कंबर, जांघा या तिच्या आवडत्या जागा. खाज येते ती किडा व त्याची विष्ठा यांच्या अ‍ॅलर्जीने. पहिल्या लागणीत ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि तेवढ्या काळात माणूस नकळत इतरांना लागण देत राहतो. रात्री खाज वाढते. मागावर उकाडा आणि उडणारे सुताचे तूस असल्यामुळे ती घामोळ्यावर किंवा तुसावर ढकलली जाण्याचा संभव मोठा. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. हे दुर्लक्ष अशा खोल्यांत रोज दिसते.

पाल्यात निंबोलाइड, क्वेर्सेटिन इत्यादी द्रव्ये आहेत. प्रयोगशाळेत त्यांचे दाहशामक व जंतुरोधक गुण आढळले आहेत. खरजेपुरता सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास 1992 चा आहे: कडुनिंब व हळदीचे वाटण 814 रुग्णांना लावले, त्यांतले 97 टक्के 3 ते 15 दिवसांत बरे झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. आकडा उत्साह वाढवणारा आहे. पण ती प्राथमिक पाहणी होती. तिच्या बळावर रुग्णाला औषधापासून दूर ठेवणे योग्य नाही.

खरजेवर प्रस्थापित उपचार म्हणजे 5 टक्के परमेथ्रिन मलम: मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या व नखांखालीही लावून रात्रभर ठेवायचे, सकाळी धुवायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे. काही रुग्णांना डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. मलम एकट्याने लावून उपयोग नाही. खोलीतल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी लावले पाहिजे. चादरी व कपडे कढत पाण्यात धुवावे. न धुता येणाऱ्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत किमान तीन दिवस बांधून ठेवाव्या, कारण अंगाबाहेर किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. पाळीवर पाळी चालणाऱ्या खोलीत सगळ्यांना एका वेळी गाठणे हेच खरे अवघड काम, आणि ते मालक व आरोग्यसेवक यांनी मिळूनच करता येईल.

उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. त्या काळात पाल्याच्या कोमट पाण्याने आंघोळ केल्यास अनेकांना बरे वाटते. पाल्याने कातडी लाल झाली वा चुरचुरली तर तो लगेच थांबवावा. कडुनिंबाचे तेल मात्र मुलांना कधीही पाजू नये. तान्ह्या मुलांना त्याने उलट्या, झटके व बेशुद्धी येऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत.