परीक्षक कोणी नेमावा?

कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आम्हांस खरा पेच पडतो तो परीक्षकांचा. प्रतिष्ठित गृहस्थ बोलवावा तर तो कोणाचा तरी पाहुणा निघतो. आपल्यातला घ्यावा तर त्याचे खाते आड येते.

इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्सलाही हाच पेच होता. दायोनिसस देवाच्या उत्सवात नाटकांची चुरस असे. नगरीच्या दहा गणांतील नावे दहा कलशांत मोहोरबंद करून ठेवीत. ऐन वेळी प्रत्येकातून एकेक चिठ्ठी निघे. दहाही जण शपथ घेत. निकालाला मात्र त्यांतली पाचच मते, तीही चिठ्ठीनेच, उचलीत. वश कोणाला करावे, हेच आगाऊ कळू नये!

तरीही ४६८ साली प्रेक्षकांत तट पडले, तेव्हा अधिकाऱ्याने चिठ्ठ्या बाजूस सारून विजयी सेनापती किमोन व त्याचे नऊ सहकारी यांनाच परीक्षक केले, असे प्लुटार्क सांगतो. नवखा सोफोक्लीस जिंकला. मातब्बर एस्किलस रागाने सिसिलीस गेला, असेही प्लुटार्कच सांगतो.

निकाल योग्यही असेल. पण आपण नाटकापुढे हरलो की सेनापतींपुढे, ही शंका हरलेल्याच्या मनात राहिलीच. युनियनच्या निवडणुकांनी आम्हांला हेच शिकवले : निकाल नुसता बरोबर असून भागत नाही, हरलेल्यालाही तो मान्य करता आला पाहिजे.